हिरड्यांची साल निघते आणि एएनए निगेटिव्ह आहे, तर निदान कसे करायचे?

प्रश्न : माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. आठ-नऊ महिन्यांपासून त्यांच्या पुढच्या हिरड्या लालभडक झाल्या आहेत. तिखट अजिबात चालत नाही आणि ब्रश लागला की पातळ साल निघून येते. दोनदा दातांची सफाई झाली, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंड आल्यावर लावायची जेलही वापरून झाली. एका डॉक्टरांनी ‘ऑटोइम्यून’ आजाराची शंका घेऊन एएनए तपासणी करवली, ती निगेटिव्ह आली. म्हणजे ऑटोइम्यून आजार नाही असे समजावे का? आता तुकडा काढून तपासायला सांगितले आहे, पण त्याने दुखणे वाढेल अशी घरात भीती आहे. त्या बऱ्याच वर्षांपासून मिश्री लावतात आणि मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या घेतात.

उत्तर : एएनए निगेटिव्ह आली एवढ्यावरून हिरड्यांचा ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याचा आजार) नाकारता येत नाही, आणि आपण सांगितलेल्या लक्षणांमध्ये तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तुकडा काढल्याने मूळ आजार वाढत नाही. मात्र तो कोठून काढला, कसा काढला आणि कोणत्या द्रावणात टाकून पाठवला, यावर सगळे अवलंबून असते. या आजारांत निदान चुकते ते बहुधा प्रयोगशाळेत नव्हे, तर त्याआधी, तुकडा काढताना, दातांच्या खुर्चीवर.

एएनए ही तपासणी पेशीच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. ल्युपस, शोग्रेन यांसारख्या आजारांची शंका असेल तेव्हा तिचा उपयोग होतो. हिरड्यांची साल निघण्याच्या आजारांत हल्ल्याचे लक्ष्यच वेगळे असते. पेम्फिगसमध्ये प्रतिपिंडे डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांवर तुटून पडतात, जी वरच्या आवरणातील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतात. पेम्फिगॉइडमध्ये ती बीपी-१८० सारख्या प्रथिनांवर हल्ला करतात, जी संपूर्ण आवरणाला खालच्या ऊतकाशी बांधून ठेवतात. ही प्रतिपिंडे एएनएच्या चाचणीत दिसण्याची सोयच नाही. लायकेन प्लॅनसमध्ये तर हल्ला टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी स्वतः करतात, त्यामुळे त्याचे निदान करील अशी रक्ताची चाचणीच नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी : एएनए थोड्या प्रमाणात पॉझिटिव्ह येणे निरोगी माणसांतही, विशेषतः उतारवयातील स्त्रियांत, मुळीच दुर्मीळ नाही. मला निगेटिव्ह अहवालापेक्षा अशा किंचित पॉझिटिव्ह अहवालाचीच जास्त धास्ती वाटते, कारण त्याच्या आधारे रुग्णाच्या माथी ल्युपसचे निदान मारले जाते आणि हिरड्यांकडे पुन्हा कोणी नीट पाहत नाही.

आता हिरड्यांकडे पाहू. कीटणामुळे, म्हणजे दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे, होणारी सूज हिरडीच्या कडेपासून आणि दोन दातांमधल्या टोकापासून सुरू होते, लाली त्या कडेलाच एकवटलेली असते आणि चांगली सफाई झाल्यावर, रुग्णाने ब्रश नीट केल्यास, साधारण दोन आठवड्यांत ती ओसरू लागते. आपण वर्णन केलेल्या प्रकारात लाली दाताला घट्ट चिकटलेल्या हिरडीच्या पूर्ण रुंदीभर, ओठाचे सैल अस्तर सुरू होते तिथपर्यंत पसरते. ओठाकडची बाजू जास्त आणि जिभेकडची कमी भाजल्यासारखी दिसते, आणि सफाईने फारसा फरक पडत नाही. दोनदा सफाई होऊनही लाली तशीच राहिली, हा आपल्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील आहे. या चित्राला ‘डिस्क्वॅमेटिव्ह जिंजिव्हायटिस’ म्हणतात. हे नाव १९३२ पासून रूढ असले तरी ते निदान नव्हे, वर्णन आहे. कागदावर एवढेच लिहून उपचार सुरू झाले असतील, तर निदान अजून व्हायचेच आहे असे समजावे. हिरड्यांच्या आजारांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही कीटणाशी संबंध नसलेल्या हिरड्यांच्या आजारांचा गट स्वतंत्र ठेवला आहे.

प्रत्यक्षात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र भेटतात. हिरड्या झोंबतात म्हणून रुग्ण ब्रश करणे सोडतो, कीटण साचते आणि मूळ आजारावर साध्या सुजेचा थर चढतो. त्यामुळे पहिली सफाई वाया गेली असे मानू नये. तिने वरचा थर निघाला आणि खालचा आजार उघडा पडला.

या चित्रामागे बहुतेक वेळा तीन आजारांपैकी एक असतो. लायकेन प्लॅनस सर्वांत जास्त आढळतो. त्यात गालाच्या आतल्या बाजूला, मागच्या दाढांच्या समोर, पांढऱ्या बारीक रेषांची नक्षी दिसते. कित्येकदा ती दोन्ही गालांत असते आणि रुग्णाला तिची कल्पनाही नसते, म्हणून हिरड्यांची तक्रार असली तरी गाल ताणून पाहावेच लागतात. केवळ हिरड्यांवरच असलेला लायकेन ओळखणे कठीण जाते. त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण कमी, शंभरात एखाद्याच्या आसपास सांगितले जाते, पण ते शून्य नसल्यामुळे अशा रुग्णाला दर सहा महिन्यांनी तपासणीस बोलवावे लागते.

दुसरा म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड. हा बहुधा पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत होतो आणि कित्येक वर्षे फक्त हिरड्यांपुरता राहू शकतो. आपल्या सासूबाईंचे वय आणि लक्षणे पाहता माझ्या यादीत तो वर आहे. हिरड्यांच्या दृष्टीने तो त्रासदायक असला तरी घातक नाही. पण तोच आजार डोळ्यांत उतरला तर पापणीचे अस्तर बुबुळाकडच्या भागाला चिकटू लागते, पापण्यांचे केस आत वळतात आणि उपचार लांबले तर दृष्टी जाऊ शकते. स्वरयंत्रात उतरला तर आवाज बसतो आणि श्वासमार्ग अरुंद होण्याचा धोका असतो. म्हणून हिरड्यांच्या रुग्णाला मी पहिल्याच भेटीत डोळ्यांबद्दल विचारतो : डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का, सकाळी चिकटतात का, ‘कोरडेपणा’ म्हणून थेंब चालू आहेत का? यांपैकी कशालाही उत्तर ‘हो’ असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी, तुकड्याच्या अहवालासाठी थांबू नये.

तिसरा पेम्फिगस व्हल्गॅरिस. तो तिघांत कमी आढळतो, पण चुकवून चालत नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो तोंडातच सुरू होतो आणि अंगावर फोड यायला पुढे कित्येक महिने लागू शकतात. भारतात तो तिशी-चाळिशीतल्या रुग्णांतही बऱ्यापैकी दिसतो, त्यामुळे वय कमी आहे म्हणून तो बाजूला सारू नये. स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत असत. आज तशी परिस्थिती नाही, पण उपचार वेळेवर सुरू होण्यासाठी ‘तोंड आले आहे, उष्णता झाली आहे’ या समजुतीत महिने घालवणे परवडत नाही.

याखेरीज लिनिअर आयजीए आजार, ल्युपस, औषधांमुळे येणारी लायकेनसारखी प्रतिक्रिया आणि टूथपेस्ट किंवा मसाल्याच्या ॲलर्जीने होणारी हिरड्यांची सूज अशी बरीच नावे आहेत. दालचिनी, पुदिना, लवंगेचे तेल, खूप फेस करणारी पेस्ट, दंतमंजन, तुरटीच्या गुळण्या यांची चौकशी एका दमात उरकू नये. रुग्ण ‘काही नाही, साधीच पेस्ट’ असे म्हणतात आणि पेस्ट घेऊन या म्हटल्यावर पिशवीतून तीन डब्या निघतात. संशय असेल तर दोन-तीन आठवडे बिनवासाची, फेस न होणारी पेस्ट वापरून पाहणे हा स्वस्त आणि उपयोगी प्रयोग आहे.

औषधांबद्दल आपण दिलेली माहिती मोलाची आहे, पण नावे हवी आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या, सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या आणि मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या काही गोळ्या लायकेनसारखी प्रतिक्रिया निर्माण करू शकतात. मधुमेहावरच्या ग्लिप्टिन गटातील औषधांचा, विशेषतः विल्डाग्लिप्टिनचा, पेम्फिगॉइड कुळातल्या फोडांच्या आजाराशी संबंध दिसून आलेला आहे, आणि हे औषध आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पाकीट दाखवा, आणि ती सुरू झाल्यानंतर किती काळाने हिरड्या बिघडल्या ते आठवून सांगा. बदल करायचा तो मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलूनच.

मिश्रीचा मुद्दा वेगळा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात कित्येक बायका दात शिवशिवतात, हिरड्या दुखतात म्हणून मिश्री लावतात, आणि हिरड्या जास्त दुखू लागल्या की ती दिवसातून आणखी एक-दोनदा लागते. भाजलेल्या तंबाखूची ही भुकटी हिरडीवर बोटाने चोळली जात असल्यामुळे तिथे पांढरे जाड चट्टे पडतात, आणि तेच चट्टे लायकेनच्या पांढऱ्या खुणांसारखे वाटून फसगत होते. हिरडीवरचा खडबडीत, वाढत जाणारा पांढरा थर सुरुवातीला लायकेन म्हणून नोंदवला जातो आणि पुढे कर्करोगाकडे झुकतो, असे होऊ शकते. म्हणून सासूबाईंच्या बाबतीत तुकडा तपासण्याला दुसरेही कारण आहे : साल निघण्याचा आजार कोणता हे कळायला हवे, आणि पेशींत कर्करोगपूर्व बदल नाहीत ना हेही पाहायला हवे. मिश्री आजच बंद व्हायला हवी, हे सांगताना त्यांना रागावू नका; त्या ती दुखण्यावरचा उपाय म्हणूनच लावत असतील.

आता प्रत्यक्ष तपासणी. दातांच्या खुर्चीजवळच्या हवेच्या नळीतून हिरडीच्या लाल भागाच्या कडेला हलका झोत सोडला, तर काही रुग्णांत वरचा पातळ पापुद्रा फुग्यासारखा उचलला जातो. गॉजने अलगद घासले तर तो सरकून खाली ओला लाल भाग उघडा पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकोल्स्की या रशियन त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेवर वर्णन केलेली खूण ती हीच. तिच्यावरून पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड यांत फरक करता येत नाही, आणि ती पुन्हा पुन्हा करून दाखवण्याचा मोहही टाळावा, कारण प्रत्येक वेळी रुग्णाला एक नवी जखम होते.

तुकडा काढताना सगळे कौशल्य हा पापुद्रा जागेवर ठेवण्यात असते. उघड्या जखमेच्या मधोमध काढलेला तुकडा निरुपयोगी, कारण तिथे वरचे आवरण शिल्लकच नसते. आवरण नसेल तर ते कोणत्या पातळीवर सुटले हे पॅथॉलॉजिस्टने कशावरून सांगावे? म्हणून जखमेच्या शेजारचा, वरून धड दिसणारा भाग घ्यायचा. हिरडीची कड आणि दोन दातांमधले टोक टाळायचे, कारण तिथे कीटणाची सूज असतेच आणि ती चित्र गढूळ करते. गालात किंवा टाळूवर खुणा असतील तर हिरडीऐवजी तिथूनच तुकडा घेणे अधिक चांगले. भूल देणारी सुई नेमक्या त्या जागी टोचली तर द्रवाच्या दाबानेच आवरण सुटते, म्हणून ती थोडी लांब द्यावी. गोल पंच (गोल पात्याचे तुकडा काढायचे हत्यार) फिरवताना आवरण पिळवटून निघून येते, त्यामुळे हिरडीवर मी धारदार पाते पसंत करतो आणि चिमट्याने वरचा भाग कधीच पकडत नाही.

शक्यतो दोन तुकडे हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी. दुसरा डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे तुकड्यात चिकटलेली प्रतिपिंडे चमकत्या रंगाने शोधण्याच्या तपासणीसाठी. तो फॉर्मॅलिनमध्ये चुकूनही पडता कामा नये, कारण फॉर्मॅलिनमुळे शोधायची प्रतिपिंडे ओळखता येईनाशी होतात. त्यासाठी मिशेल द्रावण लागते, ज्यात तुकडा काही दिवस टिकतो आणि कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवता येतो. प्रयोगशाळा जवळ असेल आणि चोवीस तासांच्या आत पोहोचवता येत असेल तर साधे सलाइनही चालते. ही तपासणी प्रत्येक गावात होत नाही, त्यामुळे तुकडा काढण्याच्या आधीच प्रयोगशाळेला फोन करून द्रावणाची बाटली मागवलेली असावी. तुकडा काढल्यावर बाटली शोधायला निघालेले सहकारी मी पाहिले आहेत, आणि शेवटी दोन्ही तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेलेलेही.

नेहमीच्या तपासणीत पेम्फिगसमध्ये भेग आवरणाच्या आत, तळच्या पेशींच्या थराच्या किंचित वर पडलेली दिसते आणि त्या भेगेत सुट्या झालेल्या गोल पेशी तरंगत असतात. पेम्फिगॉइडमध्ये संपूर्ण आवरण अखंड राहून खालून सुटते. लायकेनमध्ये आवरणाच्या लगत लिम्फोसाइट पेशींचा दाट पट्टा बसलेला असतो आणि तळच्या पेशी नष्ट होत असतात. इम्युनोफ्लुरोसन्समध्ये तुकड्यावर चमकणारे रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे सोडून अंधाऱ्या खोलीत पाहतात. पेम्फिगसमध्ये प्रत्येक पेशीच्या कडेने हिरवी चमक येऊन कोळ्याच्या जाळ्यासारखे चित्र दिसते. पेम्फिगॉइडमध्ये आवरण आणि खालचे ऊतक यांच्या सीमेवर एकच सलग, बारीक हिरवी रेषा उमटते, बहुधा आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) आणि सी-३ (प्रतिकारशक्तीचे एक प्रथिन) यांची. लायकेनमध्ये त्याच सीमेवर फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचा फाटक्या कडेसारखा पट्टा दिसतो. तो निदानाला पुष्टी देतो, पण एकट्याने सिद्ध करत नाही. पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात हे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवले, तर पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन वेगळे आजार आहेत हे लेव्हर यांनी १९५३ मध्येच सूक्ष्मदर्शकाखालच्या फरकावरून मांडले होते.

रक्ताच्या तपासण्या निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांची जागा वेगळी आहे. पेम्फिगसची शंका असेल तर डेस्मोग्लीन ३ आणि डेस्मोग्लीन १ यांची एलायझा (रक्तातील प्रतिपिंडे मोजणारी) तपासणी फार उपयोगी पडते. आजार केवळ तोंडात असेल तर सहसा डेस्मोग्लीन ३ पॉझिटिव्ह आणि १ निगेटिव्ह येते, आणि उपचार लागू पडतो आहे का हेही त्या आकड्यांवरून पाहता येते. बीपी-१८० ची एलायझा मात्र म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइडमध्ये अनेकदा निगेटिव्ह येते, कारण रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण कमी असते आणि ती प्रथिनाच्या दुसऱ्याच भागावर बसत असतात. तिथे निगेटिव्ह अहवालावर विसंबू नये.

दोन प्रसंगी मात्र रक्त आधी आणि तुकडा नंतर. हिरड्या फुगून दातांवर चढल्या असतील, आपोआप रक्त येत असेल, सोबत ताप, थकवा किंवा अंगावर निळे डाग असतील, तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असा हिरड्यांतून पहिल्यांदा दिसू शकतो. आणि हिरड्या स्ट्रॉबेरीसारख्या दाणेदार, जांभळट लाल झाल्या असतील, नाकातून रक्त किंवा खपल्या येत असतील, तर ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस या रक्तवाहिन्यांच्या ऑटोइम्यून आजारासाठी अँका ही रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी, लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) लगेच करावे, कारण तोच आजार मूत्रपिंडे निकामी करतो. आपल्या वर्णनात यातले काही नाही. सीबीसी तरीही करून ठेवावी, आणि पुढे स्टेरॉइड लागण्याची शक्यता असल्याने एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) देखील.

अहवाल हाती आल्यावर सर्वांत जास्त गोंधळ घालते ते ‘नॉन-स्पेसिफिक क्रॉनिक इन्फ्लमेशन’ (कोणत्याही एका आजाराची खूण नसलेली जुनी सूज) हे वाक्य. नातेवाइकांना वाटते, काही निघाले नाही, सुटलो. लक्षणे ठळक असताना असा अहवाल आला तर त्याचा अर्थ बहुधा जागा चुकली किंवा आवरण निघून गेले एवढाच असतो. तुकडा पुन्हा, दुसऱ्या जागेवरून घ्यावा. पेम्फिगॉइडमध्ये पहिल्या तुकड्याचे इम्युनोफ्लुरोसन्स निगेटिव्ह आणि दुसऱ्याचे पॉझिटिव्ह येणे ही ओळखीची गोष्ट आहे. पॅथॉलॉजिस्टला पाठवायच्या चिठ्ठीत ‘हिरडी, सूज’ एवढेच न लिहिता वय, कालावधी, औषधे, मिश्री, डोळ्यांची स्थिती आणि मनातले तीन संभाव्य आजार लिहिले तर अहवालाची गुणवत्ता बदलते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

तुकडा काढण्याची भीती स्वाभाविक आहे. जागा भूल देऊन बधिर केलेली असते, तुकडा काही मिलिमीटरचा असतो, एखाद-दुसरा टाका पडतो आणि जखम साधारण आठ-दहा दिवसांत भरते. साखर फार वाढलेली नसावी आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती आधी सांगावी. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे कानावर आले असेल, तर त्यात तथ्य नाही. तोवर अगदी मऊ ब्रशने, हळू का होईना, दात घासणे चालू ठेवावे. स्टेरॉइडच्या गोळ्या तुकडा काढण्याआधी सुरू करू नयेत, कारण त्याने चित्र पुसट होते. स्टेरॉइडची जेल आधीच लावत असाल तर तसे डॉक्टरांना सांगा.

जायचे कोठे? दंत महाविद्यालयातील ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांचा) विभाग ही पहिली जागा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, आणि खासगी महाविद्यालयांतही हा विभाग असतो. पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइड निघाल्यास पुढचे उपचार त्वचारोगतज्ज्ञांसोबत चालतात, म्हणून ज्या रुग्णालयात दोन्ही विभाग जवळजवळ आहेत ते सोयीचे. अहवालासोबत स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला उरलेला तुकडा) कोठे ठेवले आहेत हे विचारून ठेवा, आणि पुढे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे झाले तर तो ब्लॉक मागून न्या. नुसत्या छापील अहवालावर दुसरे मत देता येत नाही.